थोरल्या माशाचं दुखणं

सून घरात आली त्या दिवशी तिच्या मागोमाग टेम्पोतून काचेची एक टाकी आली. कपाट नाही, फ्रिज नाही, टाकी. चार फूट लांब, दोन गाद्यांच्या मध्ये दोरीनं आवळलेली, आणि झाकणाच्या बादल्यांमध्ये पाच मासे. बेळगावहून रामनगरला येऊन तिथून पुढं आमच्या गुंदकडच्या वाडीपर्यंतचा रस्ता ज्याला ठाऊक आहे, त्याला टाकी धड पोचली याचंच नवल वाटेल. वाडीतल्या बायका नवी नवरी बघायला म्हणून आल्या आणि मासे बघून गेल्या.

मासे होतेही बघण्यासारखे. भाकरीसारखे गोल आणि तसेच चपटे. समोरून बघितलं तर नुसती एक उभी रेघ, बाजूनं बघितलं तर केशरी अंगावर निळ्या नागमोडी ओळी. डिस्कस म्हणतात त्यांना. तरी मी पहिल्याच दिवशी बोलून गेले, "बघायला आणलेस व्हय हे? आमच्यात मासे खायाला आणत्यात." उभा जन्म मी मराठी शाळेत बाई म्हणून काढला. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, ही खोड मला तिथंच लागली असावी.

सून नुसती हसली. "टाकीला तेवढा हात लावू नका हं अत्ती," म्हणाली, "बाकी घर तुमचंच आहे." आमच्याकडं सासूला अत्ती म्हणतात, सासऱ्याला मामा. बाकी घर माझंच आहे हे मला ठाऊक होतं, पण इतक्या गोड सांगण्यावर काय बोलणार.

आणि हीच माझी अडचण होती. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. सकाळी स्कूटरवरून जाते, संध्याकाळी येते. मुलगा गोव्यात नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा उगवतो. म्हणजे घरात आम्ही तिघंच: मी, आमचे हे आणि ती. आठ महिने झाले तरी तिचं "अत्ती, तुम्ही बसा, मी करते" काही सुटेना. शेजारणीचं भांडं परत करताना आपण कसं घासूनपुसून देतो, तसं तिचं बोलणं. आवाज चढला नाही, रुसणं नाही, "मला हे आवडत न्हाई" असं एकदासुद्धा नाही. बायका म्हणायच्या, नशीबवान हाय बाई. मला मात्र वाटायचं, ही पोर अजून आमच्याकडं पाहुणीच आहे. बॅग भरूनच ठेवली असेल कुठंतरी.

टाकीपुढं बसली की मात्र ती वेगळी व्हायची. तिथं पाय पसरून बसायची, माशांशी बोलायची, त्यांना दटावायचीसुद्धा. पाच जणांत जो थोरला, तो तिनं रुपयाएवढा असताना घेतलेला. तिची नर्सिंगची परीक्षा, नोकरीची ऑर्डर, आम्ही बघायला गेलो तो दिवस, सगळं त्याच्यासमोर झालेलं. आमच्याकडं आल्यावर तर तो आणखीनच खुलला. कारण पाणी. डोंगरातल्या झऱ्याला काळा पाइप लावून आमच्या परसात पाणी आपोआप येतं. इतकं हलकं की डाळ बघता बघता शिजते आणि अंगावरचा साबण काही केल्या सुटत नाही. सुनेनं कसल्याशा कागदाच्या पट्ट्या बुडवून तपासलं आणि म्हणाली, या माशांच्या मुलुखात असंच पाणी असतं, बेळगावला हे मिळत नव्हतं. मला उगीचच अभिमान वाटला. झरा काही मी खणलेला नव्हता.

मी तांदूळ निवडायला टाकीच्या डाव्या अंगाला बसायची. थोरला लगेच त्या कोपऱ्यात यायचा आणि काचेला तोंड लावून माझ्याकडं बघत राहायचा. बाकीचे चार जण त्यांच्या कामात. हात लावायचा नाही असं ठरलं होतं, बोलायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. म्हणून मी त्याच्याशी बोलायची. वर्गात असं टक लावून ऐकणारं पोर मला फार क्वचित मिळालं.

मार्गशीर्षात आमच्याकडं गारठा सुरू झाला की जंगलातून वारा येतो आणि कुठली तरी फांदी तारेवर पडते. लाइन जाते ती दोन दोन, तीन तीन तास येत नाही. त्या दिवशी सून ड्यूटीवर गेली आणि लाइन गेली. इन्व्हर्टरवर टाकीतल्या हवेचा पंप चालतो, पण पाणी गरम ठेवणारा हीटर काही त्याला ओढवत नाही. काचेवर तापमानाची पट्टी चिकटवलेली आहे. एकोणतीस हवं, ते सव्वीस झालं, मग पंचवीस. मासे एकमेकांना चिकटून उभे राहिले. सुनेला फोन लावला तर तिकडं रेंज नाही.

हात बांधून बसणारी मी नव्हे. न्हाणीत चुलीवर हंडा होता, अंघोळीच्या ऊन पाण्याचा. आमचा हंडा तांब्याचा, माझ्या सासूच्या वेळचा, आणि तो मी दर सोमवारी मुरगलाच्या सालींनी घासते. मुरगल म्हणजे ज्याची आमसुलं करतात ते फळ. आंबट साल फिरवली की तांबं आतून-बाहेरून असं लखलखतं की त्यात कुंकू लावून घ्यावं. मी टाकीतलं दोन कळश्या गार पाणी काढून कढीपत्त्याच्या झाडाला घातलं आणि हंड्यातलं ऊन पाणी तांब्या-तांब्यानं, हळूहळू, डाव्या कोपऱ्यातून सोडलं. थोरला धावत आला. त्याला वाटलं मी खायला देतेय. धारेखाली उभा राहिला अगदी. पट्टी सत्तावीसवर आली, अठ्ठावीसवर आली. मासे सुटे झाले. मला वाटलं, झालं, जीव वाचवले मी पाचही.

सुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती "बरं झालं अत्ती" म्हणाली असती आणि मग पुन्हा एकदा हात लावू नका म्हणाली असती. दोन्ही सारखंच गोड, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

त्या आठवड्यात लाइन आणखी दोनदा गेली आणि माझा हंडा आणखी दोनदा कामाला आला. शनिवारी थोरला काळा पडला.

काळा म्हणजे खरंच काळा. निळ्या ओळी कुठं गेल्या कळेना. पंख अंगाला मिटून, तोंड कोपऱ्याकडं करून, कल्ले भराभर हलवत उभा. खाणं बंद. बाकीचे चारही मलूल दिसत होते, पण त्याची तऱ्हा वेगळी होती. सून ड्यूटीवरून आली ती गणवेशातच टाकीपुढं जमिनीवर बसली. जेवायला बोलावलं तर "तुम्ही जेवून घ्या अत्ती," इतकंच. माणूस आजारी पडलं तर गोष्ट वेगळी, माशासाठी कुणी असं बसतं हे मला आठ महिन्यांपूर्वी हसण्यासारखं वाटलं असतं.

बेळगावचा मासेवाला, म्हणजे जो पाळायचे मासे विकतो तो, फोनवर म्हणाला की पोटात किडा झाला असेल. पाणी दोन अंश वाढवा, थोडं मीठ घाला, औषध बसमधून लावून देतो. आमच्याकडं बस म्हणजे नुसती माणसांची गाडी नव्हे. चष्मा, मोटारीचा पट्टा, लग्नाची पत्रिका, सगळं कंडक्टरच्या हातून येतं. मी थांब्यावर जाऊन उभी राहिले. कंडक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला. पुडी हातात देत म्हणाला, "बाई, माशाला औषध? आमच्या घरात माशाला मसाला लावत्यात." मी त्याला तिथल्या तिथं सातचा पाढा विचारला. बसमधली सगळी माणसं थांबून ऐकत होती. सात सत्तेपुढं त्याची गाडी अडली आणि मगच मी त्याला सोडला.

औषध सुनेनं मोजून घातलं. मी मात्र माझ्या परीनं आणखी एक उपाय चालवला होता, आणि इथं मला माझंच कौतुक सांगायला हवं. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी मी कित्येक वर्षं सकाळी पिते. माझं पित्त त्यानं बसलं, यांचे गुडघे त्यानं सुधारले असं हेच सांगतात. मग ते माशाला का लाभू नये? सून स्कूटर सुरू करून गेली की मी तांब्याभर पाणी हळूच थोरल्यासमोर ओतायची. तो आता धावत येत नव्हता. होता तिथंच, त्या कोपऱ्यात, तोंड जरासं माझ्याकडं वळवायचा. तेवढ्यानंही मला बरं वाटायचं.

आणि एक चांगली गोष्ट झाली, असं मला वाटलं. टाकीतल्या झाडांबरोबर बारीक गोगलगायी आल्या होत्या. त्यांची पिल्लावळ काचेवर माजली होती आणि सून त्यांना कंटाळली होती. त्या एकाएकी नाहीशा झाल्या. मी सुनेला म्हटलंसुद्धा, "बघ, काच कशी साफ झाली." तिचं लक्ष नव्हतं. थोरला आता मधूनच एका कुशीवर कलंडत होता.

आठवड्यानं, रविवारी सकाळी, तिनं परत बेळगावला फोन लावला. मी आणि हे तिथंच बसलो होतो. फोनचा आवाज मोठा केलेला.

"औषध लागू पडत न्हाई म्हणजे काय?" तो म्हणाला. "ताई, टाकीत गोगलगायी हायत काय?"

"होत्या. आता एकसुद्धा दिसत नाही."

"मग रोग न्हवं त्यो. तांबं गेलंय पाण्यात. आधी गोगलगाय मरतीया, मग मासा. तुमचं पाणी हलकं हाय न्हवं? हलक्या पाण्यात तांबं लगेच उतरतंय. कुठं तांब्याचं, पितळंचं काय लावलाय काय बघा."

माझ्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं. सून मान वर करून परसाकडं बघत होती. दिवाळीला यांनी पाइपाला नवा पितळी नळ बसवला होता. प्लास्टिकचे फुटतात म्हणून हौसेनं रामनगरहून आणलेला. तोंडानं ती बोललीच नसती कधी. पण यांनी तिची नजर बघितली, उठले, पाना घेतला आणि परसात गेले. थोड्या वेळानं खिडकीतून बघते तर नळ काढून बाजूला ठेवलेला, पाइपाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली, आणि हे छातीपर्यंत भिजलेले. गारठ्याचे दिवस. "पोरीचा मासा माझ्यामुळं," एवढंच पुटपुटले आणि अंग पुसायला लागले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात त्या सकाळी भर दुपारचं ऊन पडलं होतं. आता खरं सांगते. मी हिशेब केला की गप्प राहिले तर काहीच कळणार नाही. नळ निघाला, मी तांब्या ओतणं थांबवलं, मासा सुधारला, नळावर ठपका, विषय संपला. हे तसेही कुणावर रागावत नाहीत. आणि सुनेच्या नजरेत मी जशी होते तशी राहीन. स्वयंपाकघरात जाऊन मी आमटीला फोडणी दिली, ती परत एकदा दिली, तेव्हा कळलं की आज आपल्याला जेवण जाणार नाही. बाहेर आले तर हे ओला नळ फडक्यानं पुसत होते, जणू त्यालाच सर्दी झाली होती. ते बघून मला माझीच इतकी चीड आली की सांगता सोय नाही.

"तो नळ बसवा परत," मी म्हटलं. "नळानं काय केलं न्हाई. मी केलंय."

आणि सगळं सांगितलं. हंडा, मुरगलाच्या साली, तीनदा ओतलेलं ऊन पाणी, रोजचा तांब्या. सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत होता.

सून उभी राहिली. एवढी लाल झालेली तिला मी कधी बघितली नव्हती.

"अत्ती, तुमास्नी किती येळा सांगितलं हुतं हात लावू नका म्हणून?" ती म्हणाली. बेळगावचं ते मऊ बोलणं कुठल्या कुठं गेलं. "आणि लावलासा तर लावलासा, मला सांगायचं तरी. मी हिकडं औषध घालतीया, मीठ घालतीया, आणि तुम्ही मागनं तांबं ओतायलाय. शाळंत पोरांस्नी खरं बोला म्हणून छड्या मारल्यासा न्हवं? आणि मामा हितं गारठ्यात भिजल्यात तुमच्यापायी. एवढं कसं वं तुमचं तोंड बंद ऱ्हातंय, एरवी तर घटकाभर न्हाई ऱ्हात."

हे हळूच म्हणाले, "असू दे गे पोरी."

"असू दे कशाला? बोलू दे तिला," मी म्हटलं.

कारण मला काय वाटत होतं ते मलाच खरं वाटेना. लाज होती, मासा मरेल ही भीती होती, पण त्या दोन्हींच्या खालून आनंदाची उकळी फुटत होती. ही पोर माझ्यावर ओरडत होती. घरच्या माणसावर ओरडतात तसं, पुढं काय होईल याचा विचार न करता. मला हसू आलं. दाबलं, तर डोळ्यांतून पाणी आलं. ती बघून गोंधळली, मग म्हणाली, "रडू नका आता. उठा. पाणी बदलायचं हाय. त्या हंड्याला शिवायचं न्हाई, स्टीलचं पातेलं घ्या."

दुपार सगळी त्यात गेली. पाइपातून थेट पाणी, स्टीलच्या मोठ्या पातेल्यात, गॅसवर कोमट. हे रबरी नळीनं टाकीतलं जुनं पाणी काढत होते, सून पट्टी बघून "थांबा", "आता सोडा" सांगत होती, आणि मी पळीनं पाणी सोडत होते. जेवण कुणाचंच झालं नाही. दोनदा फोडणी दिलेली आमटी आम्ही दिवस कलताना उभ्या उभ्या ओरपली आणि ती चांगली लागली. मध्येच मी विचारलं की पाणी गाळायला चुलीतला कोळसा चालेल का. "अत्ती," एवढंच म्हणाली ती. मी पळी उचलली आणि परत पाणी सोडायला लागले. पाण्यातलं तांबं धरणारा खास कोळसा दुसऱ्या दिवशी बसनं आला. कंडक्टरनं पुडी माझ्या हातात ठेवली आणि मी विचारायच्या आत सातचा पाढा अखेरपर्यंत म्हणून दाखवला.

रोज थोडं थोडं पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी थोरल्याच्या शेपटीजवळ एक निळी ओळ दिसली. मी यांना हाक मारून दाखवली, यांना चष्म्याशिवाय दिसेना, तरी "व्हय व्हय" म्हणाले. चौथ्या दिवशी तो कुशीवर कलंडायचा थांबला. पण खाईना. सून म्हणाली, खाल्लं तर जगला, नाही तर काही खरं नाही.

कारवारकडची मासळी घेऊन मोटारसायकलवाला येतो, त्याच्याकडून मी कोळंबी घेतली. सुनेनं सांगितलं तशी सोलून, लसणाची एक पाकळी घालून, पाट्यावर वाटली. लसणाच्या वासानं माशाला भूक लागते म्हणे. माझा अर्धा जन्म माशाला वाटण लावण्यात गेला, माशासाठी वाटण करायची पाळी पहिल्यांदाच आली. आम्हाला त्या दिवशी वांगी होती. यांनी ताटाकडं बघितलं, पाट्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं जेवले.

"हात धुऊन या," सून म्हणाली. "साबण नको."

मी धुऊन आले. तिनं वाटणाची बारीक गोळी माझ्या बोटांत दिली, मनगट धरलं आणि माझा हात डाव्या कोपऱ्यात पाण्यात घातला. पाणी बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होतं. थोरला बराच वेळ बघत राहिला. इतका वेळ की माझं मनगट भरून आलं. मग पुढं आला, गोळीला तोंड लावलं, थुंकली, परत घेतली आणि गिळली. दुसरी गोळी त्यानं माझ्या बोटासकट ओढली. सून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती, हे मागून "खाल्लं काय? खाल्लं काय?" विचारत होते.

संक्रांतीच्या आधी तिच्या आईचा फोन आला, चार दिवस राहायला ये म्हणून. ती परसातल्या दगडी पायरीवर बसून बोलत होती, मी आत भांडी लावत होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण कानाला झाकण नसतं.

"टाकीची न्हाई गं काळजी," ती म्हणत होती. "मासे अत्ती बघतील. पर अत्तीस्नी कोण बघायचं? एकटं सोडलं की काय तरी करून ठेवत्यात त्या. मी आपली दोनच दिवस येते."

मी भांडी तशीच ठेवली आणि काही कारण नसताना शिरा करायला घेतला. तूप जरा सढळ हातानं पडलं.